पाणी पिणारी जीप

सदर : शोधलं की सापडतं



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धाराशिवला, माझ्या मोठ्या भावाकडे गेलो होतो. घरात, गल्लीत सगळे त्याला अण्णा म्हणतात. अण्णाचा धंदा खव्याचा. भूम भागातल्या भट्ट्यांवरचा खवा गोळा करायचा आणि पहाटे उठून सोलापूरच्या मिठाईवाल्यांना पोचवायचा. त्यासाठी त्याच्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे, १९९८ साली घेतलेली. नंबर अर्थातच एमएच-२५, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा.

मी पोचलो त्या दुपारी घरात भांडण चाललं होतं.

"काल संध्याकाळी सांगितलं होतं ना, पाणी भरून ठेव म्हणून? तुळजापूरच्या घाटात काटा पार लालवर गेला! लग्नसराईचे दिवस, उद्या जाताना बंद पडली आणि खवा नासला तर?"

"भरलं होतं पप्पा. गळ्यापर्यंत भरलं होतं."

"मग काय जीप रात्री उठून पाणी प्याली? आण ती किल्ली इकडं!"

माझ्या पुतण्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि तो न जेवताच बाहेर गेला. त्याला गाडी चालवायचं लायसन्स मिळून तीनच महिने झाले होते. वहिनी म्हणाली, "महिनाभर हेच चाललंय भावजी. हे म्हणतात भरलं नाही, तो म्हणतो भरलं."

रात्री गच्चीवर माझी आठवीतली पुतणी हळूच विचारते, "काका, दादा खोटं बोलतो का हो?"

खरं सांगू का मुलांनो? मलाही मनातून वाटलं होतं की पोरगा विसरला असेल. पण "वाटलं" आणि "कळलं" यात फार अंतर असतं, बरं का! म्हणून मी तिला म्हटलं, "मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. अण्णालासुद्धा माहीत नाही. आपण मोजून बघू."

आधी हे समजून घ्या

गाडीला पाणी कशाला लागतं? इंजिनात डिझेल जळतं. त्यातून जी उष्णता निघते, तिचा साधारण एक तृतीयांश भागच गाडी ओढायच्या कामी येतो. तेवढाच एक भाग धुरातून बाहेर जातो आणि जवळजवळ तेवढाच इंजिनाच्या भिंती तापवतो. ही उष्णता कोणी काढून नेली नाही, तर लोखंड फुगेल, वाकेल आणि इंजिन जाम होईल.

ती काढून नेण्याचं काम पाण्याचं. इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक पंप असतो. गॅरेजमध्ये त्याला 'वॉटर बॉडी' म्हणतात. पट्ट्यावर फिरणारा हा पंप पाणी इंजिनाच्या पोकळ भिंतींमधून ढकलतो. तापलेलं पाणी वरच्या रबरी पाइपातून रेडिएटरमध्ये जातं. तिथे बारीक नळ्यांमधून उतरताना त्याला पंख्याचा वारा लागतो. गार झालेलं पाणी खालच्या पाइपातून परत इंजिनात. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा एक पहारेकरी उभा असतो. पाणी ८० ते ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापेपर्यंत तो दार उघडत नाही, कारण इंजिन फार गार राहणंही बरं नव्हे.

आता नीट बघा. ही वाट बंद आहे. पाणी इथून तिथे आणि तिथून इथे, गोल गोल. ते कमी व्हायचं कारणच नाही. कमी होतंय, म्हणजे कुठून तरी बाहेर पडतंय.

अगदी पहिल्या मोटारींचं मात्र असं नव्हतं. १८८६ साली जर्मनीत कार्ल बेंझ यांनी जी तीनचाकी मोटार केली, तिचं पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि त्यातूनच इंजिन थंड राहायचं. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ तशीच मोटार घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. अंतर १०० किलोमीटरच्या वर आणि सोबत कोण? त्यांची दोन मुलं, तुमच्याच वयाची, १५ आणि १३ वर्षांची! वाटेत दिसेल त्या विहिरीवर, ओढ्यावर थांबून त्यांना पाणी भरावं लागलं होतं. म्हणजे ती मोटार खरोखरच पाणी पीत होती. अण्णाची जीप मात्र तशी नाही. तिनं पाणी प्यायला नको.

वही सुरू झाली

दुसऱ्या दिवसापासून पुतणीनं एक वही केली. नियम चारच.

पहिला : मोजायचं ते पहाटे, इंजिन पूर्ण गार असताना. तापलेलं पाणी फुगतं, त्यामुळे गरम गाडीतलं माप खोटं.

दुसरा : जीप रोज एकाच जागी, अंगणातल्या सपाट फरशीवर उभी करायची. उतारावर पातळी वेगळी दिसते.

तिसरा : पाणी तिनंच भरायचं, मापानं. अण्णानं किंवा दादानं हात लावायचा नाही. (झाकण उघडताना मात्र मी शेजारी उभा असे.)

चौथा : किती पाणी लागलं, गाडी किती किलोमीटर फिरली आणि कुठे गेली, हे तिथल्या तिथे लिहायचं. आठवून नाही.

सोलापूरची एक खेप म्हणजे जाऊन-येऊन साधारण १४० किलोमीटर. चार खेपा झाल्या. चारही वेळा दुसऱ्या दिवशी पहाटे जवळपास अर्धा लिटर पाणी लागलं. रविवारी जीप घरीच उभी होती. सोमवारी पहाटे पाहिलं तर पाणी जसंच्या तसं! आणि रात्रभर गाडीखाली पसरलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा ठणठणीत.

पुतणीनं वही अण्णासमोर धरली. "पप्पा, मी स्वतः भरलं. गळ्यापर्यंत. तरी रोज अर्धा लिटर कमी होतंच."

अण्णानं वही दोनदा वाचली. काही बोलला नाही. पण त्या रात्री त्यानं जेवायला बसताना मुलाला हाक मारली.

चाचांचं गॅरेज

वही घेऊन आम्ही गॅरेजवर गेलो. तिथल्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि वहीचं पान न् पान पाहिलं.

"हे कुणी लिहिलं? तू, बेटा? शाब्बास! लोक येतात आणि म्हणतात, चाचा, गाडी पाणी पिते. किती पिते, कधी पिते, कुणी सांगत नाही. मग मी काय, ज्योतिष बघू?"

चाचा म्हणाले, पाणी जायला वाटा तीनच. एक, बाहेर ठिबकून. दोन, इंजिनाच्या आत शिरून. तीन, झाकणापाशी वर उतू जाऊन. आधी सगळ्यात वाईट ते तपासायचं.

त्यांनी ऑइलची पट्टी बाहेर ओढली. आत पाणी शिरलं असतं, तर ऑइल दुधाच्या चहासारखं पांढुरकं झालं असतं. ते काळंच होतं. गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो का, पाहिलं. नाही. म्हणजे हेडचं पॅकिंग शाबूत. अण्णानं मोठा सुस्कारा सोडला, कारण ते काम मोठ्या खर्चाचं.

मग चाचांनी पुतणीला विचारलं, "पाणी कुठपर्यंत भरतेस?"

"पार गळ्यापर्यंत. वर दिसेपर्यंत."

चाचा हसले. "निम्मा चोर सापडला!"

तुम्हीच हिशेब करा. या जीपमध्ये साधारण १० लिटर पाणी मावतं. २५ अंशांचं पाणी ९० अंशांपर्यंत तापलं, की ते शंभराला सव्वातीनच्या आसपास फुगतं. म्हणजे १० लिटरमागे ३०० मिलिलिटरहून थोडं जास्त. नव्या गाड्यांत हे जादा पाणी एका प्लॅस्टिकच्या बाटलीत जातं आणि गाडी गार झाली की परत येतं. या जुन्या जीपला ती बाटलीच नाही. गळ्यापर्यंत भरलं की फुगलेलं पाणी बारीक नळीतून रस्त्यावर जाणारच! काठोकाठ भरलेलं दूध तापवलं तर उतू जाणार नाही का? तसंच.

चाचांनी गळ्याच्या दोन बोटं खाली खूण दाखवली. "इथपर्यंतच भर."

पुढच्या दोन खेपांत कमी पडलेलं पाणी भरलं २००-२०० मिलिलिटर. निम्म्याहून जास्त गळती एकही स्पॅनर न लावता थांबली. पण २०० मिलिलिटर अजून जातच होतं.

नवं झाकण आणि नवी काळजी

"आता सगळंच बदलून टाका," अण्णा म्हणाला. "रेडिएटर, पाइप, वॉटर बॉडी. डोक्याला ताप नको."

"अण्णा, पाच वस्तू एकदम बदलल्या आणि गळती थांबली, तर चूक कशात होती हे कळणार कसं? चार वस्तूंचे पैसे फुकट. एका वेळी एकच बदलू."

चाचांनी रेडिएटरचं झाकण काढून दाखवलं. त्याच्या रबराला भेगा पडल्या होत्या. हे झाकण साधं नसतं बरं का. त्यात स्प्रिंग असते आणि ते पाणी दाबून धरतं. का? घरातला कुकर आठवा. समुद्रकाठी उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं. धाराशिव समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे इथे ते ९८ अंशांच्या जवळपासच उकळतं. पण कुकरचं झाकण वाफ कोंडून दाब वाढवतं आणि आतलं पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता तापतं. फ्रान्सच्या डेनिस पापॅन यांनी १६७९ मध्ये हीच युक्ती वापरून कुकरचा पूर्वज तयार केला होता. रेडिएटरचं झाकणही तेच करतं. त्यावर ०.९ असा आकडा असेल, तर आपल्याकडे आतलं पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून घाट चढतानाही गाडी तग धरते.

नवं झाकण बसवलं. पुतणी खूश. दुसऱ्या दिवशी पहाटे मोजलं, तर काय? २०० ऐवजी ३५० मिलिलिटर कमी! त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेवढंच.

तिचा चेहरा उतरला. अण्णा म्हणाला, "घ्या! पैसे घालून आजार वाढवला."

चाचा मात्र खूश झाले. "अण्णा, आता खरा चोर बाहेर येणार."

कसं ते ओळखा पाहू. थांबा, पुढे वाचण्याआधी एक मिनिट विचार करा.

जुनं झाकण दाब धरतच नव्हतं. आत दाब नव्हता, म्हणून दुसरीकडचं भोक थोडंथोडंच गळत होतं. नव्या झाकणानं दाब धरला आणि तेच भोक जोरात गळू लागलं. सायकलच्या ट्यूबचं बारीक पंक्चर हवा कमी असताना सापडत नाही. दुकानदार आधी हवा भरतो, मग ट्यूब पाण्यात बुडवतो, तेव्हा बुडबुडे दिसतात. इथेही तसंच झालं. झाकण बदलणं ही चूक नव्हतीच. गळणाऱ्या जागा दोन होत्या, एवढंच.

पांढरा डाग

पण गळतं कुठे? खाली कागदावर एक थेंब नाही. याचंही कारण आहे. गाडी उभी राहून गार झाली की दाब संपतो, गळती थांबते. आणि धावताना पडणारा थेंब तापलेल्या लोखंडावर वाफ होऊन जातो. राहिलेला पंखा उडवून देतो.

इथे मदतीला आलं आपल्या धाराशिवचं बोअरचं पाणी! ते किती जड असतं, तुम्हाला माहीतच आहे. बादलीच्या कडेला, नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो ना? पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणजे थेंब नाहीसा झाला तरी त्याच्या पाऊलखुणा राहतात.

चाचांनी गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि इंजिन गार होऊ दिलं. मग पुतणीच्या हाती बॅटरी दिली आणि घरून आणलेला छोटा आरसा पंख्यामागे धरला. "बोट घालायचं नाही. फक्त उजेड धर आणि सांग, काय दिसतं."

वरचा पाइप, कोरडा. खालचा पाइप आणि क्लिप, कोरडी. रेडिएटरच्या नळ्या, धूळ आहे पण डाग नाही. आणि मग ती ओरडली, "चाचा, पांढरी रेघ! मध्ये तांबूस!"

वॉटर बॉडीच्या पोटाशी एक बारीक भोक होतं. तिथून खाली पांढरी-तांबूस रेघ ओघळली होती. पांढरे क्षार, तांबूस गंज. खात्रीसाठी चाचांनी गार गाडीच्या रेडिएटरवर हातपंप लावून दाब भरला. काटा हळूहळू खाली उतरू लागला आणि दहा-बारा मिनिटांनी त्या भोकाशी एक थेंब जमला, लोंबला आणि टपकन पडला.

महिनाभर ज्याच्यावरून बाप-लेक बोलत नव्हते, तो हा थेंब.

"मग भोक बुजवून टाका की," अण्णा म्हणाला.

"नाही अण्णा! हे भोक पडलेलं नाही, मुद्दाम ठेवलेलं आहे."

ऐका हं. पंपाचा दांडा एका बाजूला पाण्यात असतो, दुसऱ्या बाजूला बेअरिंगवर फिरतो. मध्ये पाणी अडवणारं सील असतं. ते झिजलं की पाणी बेअरिंगकडे निघतं. तिथे पोचलं तर बेअरिंग गंजून मोडेल आणि फिरता पंखा रेडिएटरवर आदळू शकेल. म्हणून बनवणारे मध्येच एक भोक ठेवतात. पाण्याला बाहेरची वाट मिळते आणि आपल्याला निरोप मिळतो : सील गेलं, वेळ आहे तोवर बघा. ते भोक बुजवायचं म्हणजे निरोप आणणाऱ्याचंच तोंड दाबायचं!

तुमच्यापैकी पुष्कळांनी नळदुर्गचा किल्ला पाहिला असेल. तिथे बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, आदिलशाहीतलं हे बांधकाम. पावसाळ्यात जादा पाणी 'नर' आणि 'मादी' या दोन वाटांनी धो धो कोसळतं, आणि आतल्या दालनात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. पाण्याला त्याची वाट ठेवली की ते भिंत फोडत नाही. मोठ्या बंधाऱ्याला जे लागू, तेच या बारीक भोकालाही.

आठ दिवस, आठ शून्यं

चाचांनी नवी वॉटर बॉडी बसवली. या वेळी बोअरचं पाणी न भरता कूलंट भरलं. आपल्याकडे पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही, मग कूलंट कशाला? तर ते गंज आणि क्षार रोखतं आणि उकळायलाही जास्त तापमान घेतं.

त्यानंतर पुतणीनं आणखी आठ दिवस वही लिहिली. "आता कशाला?" असं मी मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, "काका, दुरुस्त झालं असं वाटतंय. कळलं कुठे आहे?" आठही दिवस एकच आकडा : शून्य.

नवव्या दिवशी संध्याकाळी अण्णानं जीपची किल्ली मुलासमोर ठेवली. म्हणाला, "उद्याची खेप तू ने. मी शेजारी बसतो." मग थोडं थांबून, "मी मोजलं नव्हतं, आणि बोललो. चुकलं माझं."

पुतण्या काहीच बोलला नाही. किल्ली घेतली आणि पाणी बघायला अंगणात गेला.

एवढं कधीही विसरू नका

• तापलेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. कुकरची वाफ जाण्याआधी झाकण उघडल्यासारखंच ते आहे. उकळतं पाणी तोंडावर उडतं. मोठी माणसं उघडत असतील तर त्यांनाही थांबवा. इंजिन पूर्ण गार होऊ द्या.

• फार तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. कंदिलाच्या गरम काचेवर पाण्याचा थेंब पडला की काय होतं, आजीला विचारा.

• फिरणारा पंखा आणि पट्टा यांच्यापासून लांब राहा. गाडी बंद असेल तेव्हाच, आणि मोठ्यांबरोबरच जवळ जा.

• पालकांनो, हे तुमच्यासाठी. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड, दिसायला सरबतासारखं रंगीत, पण जहाल विषारी. ते पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत चुकूनही ठेवू नका. सांडलं तर लगेच धुऊन काढा, कुत्री-मांजरंही ते चाटतात. कुणी प्यायलंच तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

करून बघा

तुमच्या घरी जीप नसेल. पण ठिबकणारा नळ नक्की असेल! त्याखाली एक भांडं ठेवा. एका मिनिटात किती थेंब पडतात, मोजा. औषधाच्या मापात थेंब गोळा करून १ मिलिलिटरला किती थेंब लागतात, तेही बघा. साधारण २० लागतील. सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे ४ लिटरहून जास्त पाणी! महिन्याला सव्वाशे लिटरच्या वर. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथे हे थोडं नाही.

सकाळी, दुपारी आणि रात्री, असं तीन वेळा मोजून आठ दिवस वही लिहा. थेंबांचा वेग कधी वाढतो? आणि का वाढत असेल? उत्तर आम्हाला लिहून पाठवा. आणि हो, मोजून होईपर्यंत "नळ कुणी नीट बंद केला नाही?" असं विचारून कुणावर ओरडू नका!

तुमचा,
काका